हवेचा स्पिंडल, पाण्याचा स्पिंडल

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारामागच्या गल्लीत आमचा गाळा आहे. तिथे लाकूड कापायचं, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन आहे. एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या, शीटमधून देवघराची दारं, जाळ्या, पार्टिशनची नक्षी कापून द्यायची हा आमचा धंदा. आमचा म्हणतो, कारण कापायचं काम माझं, आणि कापलेल्या जाळीचं एकेक भोक पॉलिश पेपरने घासून, अस्तर मारून ती गिऱ्हाईकाच्या हातात देण्याजोगी करायचं काम बायकोचं. माझ्या कामात निम्मा वाटा कॉम्प्युटरचा असतो. तिच्या कामात फक्त तिची बोटं.

मशीनचा जीव स्पिंडलमध्ये असतो. हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढी उभी मोटर, तिच्या टोकाला कापणारं बिट, आणि मिनिटाला हजारो फेरे. एवढं फिरणारं काहीही तापणारच. त्याला थंड ठेवायच्या दोन रीती. एकीत मोटरच्या डोक्यावरच पंखा बसवलेला असतो, तो वरून हवा मारतो. दुसरीत मोटरच्या अंगातून पाणी फिरवतात. बादलीत छोटा पंप, त्याला दोन नळ्या. एकीतून पाणी वर जातं, दुसरीतून कोमट होऊन परत बादलीत पडतं. हवेचा स्पिंडल सांभाळायला सोपा, पण किंचाळतो. पाण्याचा गप्प असतो, पण त्याच्याकडे रोज बघावं लागतं. या दोहोंतला एक मी काही वर्षांपूर्वी रागाच्या भरात निवडला. त्याची भरपाई बायकोच्या कानांनी केली. हे मला सोनिवलीत एका हळदीला कळलं.

सोनिवली तिचं माहेर. आता तिथे इमारती उठल्यात, पण सासूबाईंचं घर अजून जुन्या वस्तीत आहे आणि आसपासच्या गावांतून त्यांना लग्नाला बोलावणं येतं. त्या धवलारीण आहेत. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पुढचे सगळे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. ती एक ओळ म्हणते, मागे बसलेल्या बायका ती उचलतात. वही नाही, पोथी नाही. सासूबाई ते त्यांच्या सासूच्या मागे बसून शिकल्या, आणि माझी बायको लहानपणापासून आईच्या मागे बसत आली. आता सासूबाईंचा आवाज बारीक झालाय. आपल्यानंतर लेकीने म्हणावं असं त्यांच्या मनात आहे, हे सगळ्या भावकीला माहीत होतं.

त्या दिवशी डीजे अजून सुरू व्हायचा होता. सासूबाईंनी ओळ टाकली, बायकांनी उचलली, आणि बायको मागे पडली. बाकीच्या थांबल्या तरी तिचं अर्धं चरण चालूच होतं. एकटीचा आवाज मांडवात राहिला. दोघीतिघी हसल्या. एकीने "ताई, तुमची गाडी लेट आहे आज," असं म्हटलं. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच झालं. त्यानंतर मी बघत होतो, तिचे ओठ हलत होते पण ती गात नव्हती. दुसऱ्या बायकांच्या तोंडांकडे बघून ओठ हलवत होती.

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी मला मांडवाच्या मागे बोलावलं. त्या माझ्याशी नेहमी मानाने बोलतात, तशाच बोलल्या.

"जावयबापू, तुमच्या मिशिनीनं माज्या पोरीचं कान खाल्लं."

मी म्हटलं, थकली असेल, हल्ली काम फार आहे. "हे आजचं नाय," त्या म्हणाल्या.

बदलापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी तिला बंद खोलीत बसवून तपासलं. बारीक, उंच आवाज तिच्या कानातून गळायला लागलेत, असं त्यांनी सांगितलं. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते सांभाळा. मग कामाचं विचारलं. मी मशीनचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही कानाला काही लावता का? लावतो, मी म्हटलं. आणि या? मी खाली बघितलं. मशीन चालवणाऱ्याने कानाला आवाज अडवणारे मफ लावायचे असतात असं मी वाचलं होतं, म्हणून मी एक जोडी आणली होती. चालवणारा मी. पण शीट लावली, मशीन सुरू केलं की मी फोन घेऊन गल्लीत जाऊन उभा राहायचो. मशीनपासून दोन हातांवर दिवसभर बसायची ती. भुशासाठी नाकाला ओढणी बांधून, कान उघडे टाकून.

आता रागाचं सांगतो.

आमचा पहिला स्पिंडल पाण्याचाच होता, मशीनबरोबर आलेला. त्याची बादली तिच्या टेबलाखाली असायची, म्हणून भरणं, बदलणं तीच बघायची. एका दसऱ्याला आम्ही गाळ्यात पूजा मांडली. मशीनला झेंडूची माळ, विजेच्या पेटीला कुंकू, बिटांच्या डब्यापुढे नारळ. ती भातशेतीच्या, त्याआधी मिठागरांच्या घरातली. पाण्यावर ज्याचं पोट, तो पाण्याला आधी हात जोडतो, हे तिला शिकवावं लागलेलं नाही. मशीन पाण्यावर चालतं म्हणून तिने बादलीत हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या सोडल्या. मी शेजारी उभा होतो. मीही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईचं काम होतं. ज्या सिंधी शेठच्या दुकानात आमची दारं जातात तो स्वतः येऊन बसला होता, पॉलिशवालाही आला होता. मी पंप लावला. तो घरघरला, तेवढ्यावर पाणी फिरतंय असं धरून मी मशीन सुरू केलं. खरं तर सुरू करण्याआधी परतीच्या नळीतून बादलीत धार पडते का ते बघायचं असतं. मशीन बसवून देणाऱ्याने मला पहिल्या दिवशी शिकवलेली ही पहिली गोष्ट. मी शेठशी बोलत होतो, मी बघितलं नाही. तांदूळ रात्रभर फुगून पाकळ्यांसकट पंपाच्या जाळीवर बसले होते. धार नव्हतीच. जळका वास आला, करकर झाली, आणि स्पिंडल अडकला.

मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. देऊळ आहे का हे, म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहवत नाही. शेठ हसला, म्हणाला, "भाभी ने मोटर को पुलाव खिला दिया." तेव्हा मीही हसलो. ती खाली बसून बादलीतले तांदूळ हाताने काढत होती.

स्पिंडल विकणाऱ्याला मी त्याच दिवशी फोन केला. पाणी नको, हवेचा पाठवा. आवाज फार करतो हं, त्याने बजावलं. मी म्हटलं, उल्हासनगरात राहून आवाजाला कोण घाबरतं? आणि तो बसवला त्या दिवशी तिला ऐकू जाईल असं म्हणालो, आता बादलीच नाही, घाल काय अक्षता घालायच्या त्या.

हवेचा स्पिंडल मला खूप आवडला. कापत नसला तरी शिट्टीसारखा ओरडायचा, पंख्याच्या वाऱ्याने भुसा गाळ्यात सगळीकडे उडायचा, खाचांत भुसा बसला की तापायचा, मग फुंकून साफ करायचा. पण जळला नाही. बघा, आता कशी कटकट नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. ती टेबलावर बसून घासत असायची.

डॉक्टरांकडून परत येताना मी ठरवलं, हा स्पिंडल काढायचा. देवघरांची कामं गळ्यापर्यंत आली होती, मशीन थांबवणं परवडणारं नव्हतं, पण ठरवलं म्हणजे ठरवलं. मात्र यावेळी राग किंवा पश्चात्ताप असल्या कुठल्याच भरात निवडायचं नव्हतं. आधी कानाने ऐकायचं होतं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत माझ्या वयाचा एक माणूस बोर्डांची अक्षरं कापतो. त्याच्याकडे पाण्याचा स्पिंडल आहे असं कळल्यावर त्याच्या गाळ्यावर गेलो. तो मला चहा देत होता आणि मी त्याला मशीन सुरू करायला सांगत होतो.

"चालूच आहे," तो म्हणाला.

मी जवळ गेलो. बिट फिरत होतं. वरून नुसती फ्रिजसारखी घुमघुम. मला तिथे उभं राहवेना. एवढ्या शांततेत ती बसू शकली असती, आणि मी तिला काय दिलं?

मग त्याने अक्षर कापायला लावलं तेव्हा बिट लाकडात शिरताच आवाज आलाच. त्याने तो मुद्दाम ऐकवला. स्पिंडल गप्प झाला म्हणून लाकूड गप्प होत नाही, तो म्हणाला. शिवाय भुसा ओढणारा ब्लोअर कुठे ठेवलाय, त्याने विचारलं. मी सांगितलं, बायकोच्या टेबलामागे.

"दादा, मग स्पिंडल बदलून निम्मंच काम होईल," तो म्हणाला. "ब्लोअरही तेवढाच ओरडतो, तो आधी बाहेर काढा. आणि मध्ये भिंत घाला."

त्याने पाण्याचे दोषही सांगितले. टँकरच्या पाण्याचा खार नळ्यांत धरतो, म्हणून बॅटरीत घालायचं पाणी वापरायचं. मे महिन्यात बादलीतलं पाणी आंघोळीचं होतं, म्हणून मोठं पिंप आणि पाणी गार करायला रेडिएटर. नळी सुटली तर मशीनवर पाणी. आणि परतीच्या वाटेवर फ्लो स्विच बसवायचा, म्हणजे पाणी थांबलं की स्पिंडल आपोआप बंद. हे मी कागदावर लिहून घेतलं नाही. लिहायची गरज नव्हती, मनात नीट बसत होतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती पोळ्या करत होती. आता तिच्याशी बोलताना मी तिच्या समोर जाऊन उभा राहतो, तसा राहिलो.

"बादली नको," ती म्हणाली. "मी हात नाही लावणार."

मी म्हटलं, बादली नाही, झाकणाचं पिंप, आणि ते माझं. तू त्याच्याकडे बघायचंही नाहीस.

"त्यापेक्षा मी घरी बसते. दुसरी बाई ठेवा."

"तिचे कान काय सागवानी आहेत?"

ती हसली. पण लगेच पोळीकडे वळली. मग पाठमोरीच म्हणाली, "आणि बंद पडलं तर कोणावर ओरडणार?"

मी फ्लो स्विचचं सांगायला लागलो. पाणी थांबलं की तार तुटल्यासारखं होतं, मोटर फिरवणाऱ्या ड्राइव्हला कळतं, मग तो आपोआप थांबवतो, काही जळत नाही. तिने गॅस बंद केला.

"अहो, मशीनचं नाही विचारत मी."

ओट्याला टेकून मी उभा राहिलो. एवढी वर्षं मनात होतं ते म्हटलं, की धार बघायचं काम माझं होतं, तुझं नव्हतं.

"ते मला त्याच दिवशी माहीत होतं," ती म्हणाली. "मला कशाला सांगता? ओरडलात तेव्हा तिथे दुसरे होते."

पाण्याचा नवा स्पिंडल मागवला आणि पुढचे काही दिवस मशीन बंद ठेवून फक्त गाळ्याची कामं केली. जुन्या मोटरचा घेर वेगळा, म्हणून नव्या मोटरला धरणारी कडी अंबरनाथच्या लेथवाल्याकडून करून घेतली. ब्लोअर मागच्या बोळात नेला आणि त्याच्याभोवती प्लायची पेटी ठोकली, आतून काथ्याच्या गाद्या लावल्या. गाळ्याच्या मध्ये दुपदरी पार्टिशन उभं केलं, मधल्या पोकळीत आवाज शोषणारं रॉकवूल भरलं, काचेची छोटी खिडकी ठेवली. तिचं टेबल पलीकडे. दोन गिऱ्हाइकं या काळात तुटली. एकाने दुसरीकडून जाळी कापून घेतली आणि मला फोटो पाठवला. मी त्याला, छान झालीय, असं उत्तर दिलं. शेठ रोज फोन करायचा. शेवटी फोन ठेवून तो स्वतः आला.

निळं पिंप भरून झालं होतं, नळ्या जोडून झाल्या होत्या. बायको खिडकीपलीकडे तिची जागा लावत होती. शेठने नळ्या बघितल्या आणि त्याचे डोळे चमकले.

"फिर से पानी? साईं, भाभी को दूर रखना. इस बार बिरयानी बनेगी."

दार उघडं होतं. ती ऐकते आहे का ते मला कळेना, तिची पाठ होती. मी जाऊन तिच्या खांद्याला हात लावला आणि तिला दारात आणून उभी केली. ती बावचळली. मग शेठला मी हिंदीत सांगितलं. "शेठ, पिछली बार मोटर भाभी ने नहीं जलाई. मैंने जलाई. धार देखना ऑपरेटर का काम है. मैंने देखा नहीं, और सबके सामने इसको बोला. उसके बाद गुस्से में ये चिल्लाने वाली मोटर लाया, उससे इसके कान खराब हुए."

माझं हिंदी चांगलं नाही, तरी एवढं न अडखळता बोललो. शेठने चहाचा ग्लास खाली ठेवला. मग तिला म्हणाला, "भाभी, मेरी भी गलती. पुलाव मैंने बोला था."

"तुम्ही चांगलं तरी म्हणालात," ती मराठीतच म्हणाली. "पुलाव म्हटलंत. हे तर बरंच काही म्हणाले."

शेठ मोठ्याने हसला. मी हसलो नाही. ती आत निघून गेली आणि पार्टिशनचं दार तिने ओढून घेतलं. मी परतीच्या नळीकडे वाकून बघितलं, धार पडत होती. मग मशीन सुरू केलं.

कापताना आवाज येतोच. अंबरनाथच्या माणसाने सांगितलं तसंच. पण मोटरची शिट्टी गेली, ब्लोअर भिंतीपलीकडे गेला, आणि तिच्या टेबलाशी उभं राहून नेहमीच्या आवाजात बोललं तर ऐकू येतं. तिच्यासाठी मफ आणले आहेत, ते ती कधी लावते कधी नाही. नाही लावले तर मी मशीन थांबवतो. दोनदा वैतागली. आता न सांगता लावते, निदान मी खिडकीतून बघत असलो की.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, होतं तेवढंच आहे, आणखी उतरलेलं नाही. मला हायसं वाटलं. रिक्षात बसल्यावर बघितलं तर ती खिन्न होती. तिला थोडं तरी परत येईल असं वाटत होतं, हे तिने मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. बारीक आवाजच गेलेत, आणि आईचा आवाज आता बारीकच उरलाय, ती म्हणाली. ऐकू येतो, पण शब्द धरता येत नाहीत.

यावर कुठल्याही स्पिंडलचा इलाज नव्हता. एवढंच उरलं होतं की तिने आईच्या अगदी जवळ, तोंडासमोर बसून शिकावं, आणि त्यासाठी वेळ हवा. तो वेळ धंद्यातूनच काढावा लागणार होता. म्हणून दुपारी जेवण झालं की तिचं काम बंद. ती सोनिवलीला जाते. घासकाम एका दिवसाने मागे पडतं. मी गिऱ्हाइकांना तसंच सांगतो, एक दिवस जास्त लागेल.

मागच्या आठवड्यात शेठ आला. कुणाच्या तरी वास्तुशांतीला देवघर हवं होतं, संध्याकाळपर्यंत. जाळी कापून तयार होती, घासायची राहिली होती. ती चपला घालत होती.

"भाभी, आज एक दिन," शेठ म्हणाला.

ती माझ्याकडे बघायला लागली. थांबू का, असं तोंडावर होतं. मी म्हटलं, तू जा. शेठला म्हटलं, उद्या मिळेल. तो म्हणाला, पार्टी जाएगी. मी म्हटलं, जाऊ दे. उल्हासनगरात तुझ्यासारखे छप्पन्न जाळीवाले आहेत, तो म्हणाला. आहेत, मी म्हटलं. मग तो जाळी हाताने चाचपून, सकाळी लवकर दे, असं सांगून गेला.

संध्याकाळी मी तिला आणायला सोनिवलीला गेलो. ओटीवर दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, मध्ये सुपात निवडायचे वाल. सासूबाईंनी ओळ म्हटली. बायको त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिने ओळ उचलली, मध्ये एक शब्द चुकली. सासूबाईंनी तिच्या गुडघ्यावर थाप मारून थांबवलं आणि पुन्हा म्हटली, हळू, प्रत्येक शब्द ओठांवर धरून. ती पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा जमलं. सासूबाई पुढच्या ओळीला गेल्या.

मी पायरीवर चपला काढत होतो. सासूबाईंचं लक्ष गेलं.

"आलात? बसा," त्या म्हणाल्या. "अजून झालं नाय आमचं."

मी बसलो आणि सुपातले वाल निवडायला घेतले.